कबुलीचा तुकडा

७ एप्रिल १९८३
टुरिंग टाकीच्या तंबूत रिळं गुंडाळायला हाय मी, आज पिक्चरची रीळच कापली म्या. करायला नको होतं. पन एकच सीन कापला. तसाबी पिक्चर लांबलाय, पब्लिक जांभया देऊन राहिली होती. पारूमावशी रोज तंबूत येती, त्याचा ह्याच्याशी कायबी संबंध न्हाई.

८ एप्रिल
खरं लिहितो, हितं कोन बघतंय. पिक्चरमधी दोघं मैतर देवळात शपत घेऊन लढाईवर जातेत. एकजण भिऊन दुसऱ्याला गोळ्यांत टाकून पळतो. मागं राहिलेला मरतो. मंग हा त्याच्या मायच्या दारी येऊन सगळं कबूल करतो. तोच सीन कापला.
मी आन निवृत्तीनं मारोतीसमोर शपत घेतली होती, संगंच मिल्ट्रीत जायचं. आयडिया माझीच. भरतीच्या दिवशी मी मुद्दाम लंगडलो. ते येडं एकटंच गेलं. दिवाळीपासून त्याची काय खबर न्हाई. पारूमावशी त्याची माय. तिला वाटतंय, मला डाक्टरनं काढलं.
उद्या सांगून टाकतो. फायनल.

९ एप्रिल
सांगितलं न्हाई. ऊन लई होतं.

१० एप्रिल, सांजच्याला
घोटाळा झाला. कबुली कापली, तर ते पोरगं दारात येतं आन माय त्याला थेट जेवायलाच वाढती! मावशीनं ते मनावर घेतलं. रोजगार हमीवर खडी फोडून आली, माझ्यापुढं भाकरीचं फडकं सोडलं. म्हनली, खा लेकरा, तू खाल्लं की माझ्या निवृत्तीला पोचतंय. मी म्हनलो, आन तुला? म्हनली, मला भूक न्हाई.

१२ एप्रिल
रोज भाकर. लातूर जिल्हा झाला, हापिसाच्या पाट्या रंगल्या, आमच्या गावचा हापसा कोरडाच. तरी मावशी मला तांब्याभर पानी आनती. नको म्हनलं की डोळ्याला पदर. तिच्यासाठीच खातो.

१३ एप्रिल
डोकं चाललं! तुकडा परत जोडायचा. पिक्चरच मावशीला सांगंल. त्यातली माय माफ करती, मावशीबी करंल. मंग मी बोलायचं, बस.
ऑपरेटर शिवमूर्तीमामाला तुकडा दिला. म्हनला, भुजंग्या, गाढवा, ती बाई उगंच जेवायला का घालती म्हनून पब्लिक मला इचारून राहिली!

१४ एप्रिल
जयंती. खेळ बंद. आता ह्यात माझी काय चूक? मिरवणुकीत नाचलो.

१५ एप्रिल
मावशीला पुढं बसवलं. बाजूला मी. पोरानं सगळं कबूल केलं, मायच्या पायावर पडलं. तंबूतल्या बाया रडल्या. मावशी न्हाई रडली. म्हनली, येडी हाय ती माय. मी असते तर त्या मेल्याला उंबऱ्याला पाय लावू दिला नसता.
मी म्हनलो, मावशी, भ्यालं असंल पोरगं.
म्हनली, भ्यालं? माझा भुजंगा असता तर जीव दिला असता मैतरासाठी.
आन फडकं सोडलं. आज संगं ठेचाबी होता.
खाल्लं.
वाचणाऱ्या बाबा, तुझ्या पाया पडतो, कुनाला सांगू नको. मावशीला तर मुळीच नको.