थोर लेखकाच्या खुर्चीत दीड तास

२ मार्च
कादंबरी सुरू करायचा निर्णय पक्का. तसा तो नऊ वर्षांपूर्वीही पक्काच होता, पण तेव्हा टेबल नव्हतं. टेबल घेतलं तर खुर्ची टोचायला लागली. आता लेकीची परीक्षा आली म्हणून बायको ते टेबल मागतेय. लेक सध्या इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करते. मी साफ नाही म्हटलं. रविवारी पहिलं पान दाखवा, नाहीतर टेबल तिचं, असं बायकोने बजावलं. एक पान! तासाभराचं काम.

५ मार्च
अजून तीन दिवस आहेत. सगळ्या पेन्सिलींना टोकं केली.

७ मार्च
थोर कादंबरीकाराच्या घराचं म्युझियम झालंय. उद्या तिथेच जाणार. तिथली हवा लागली की पान आपोआप उतरेल. लेक म्हणाली, बाबा, पिशवीभर मलाही आणा, पेपरला उपयोगी पडेल. दुर्लक्ष केलं.

८ मार्च, दुपारी १२.५०
फोन आणि डबा काउंटरवर जमा. लिहायची खोली पहिल्या मजल्यावर, टेबलाभोवती दोरी. पहारेकरी मामा जिन्याकडे वळताच दोरी ओलांडली. थोरांच्या खुर्चीत बसलोय. अंगावर काटा.

१.०२
बाहेरून कुलूप लागलं. तिकिटाच्या मागे छापलंय: खोल्या १ ते २.३० बंद. हाक मारणार होतो, पण दोरीच्या आत काय करता, असं विचारलं असतं. झालं ते बरंच झालं. फोन नाही, बायको नाही, दारावरची बेल नाही. एवढा एकांत थोरांनाही मिळाला नसेल.

१.२०
कोरा कागद काढला. नाव नंतर देऊ.

१.४०
भूक.

१.५५
व्हरांड्यातून एक आजोबा नातीला दाराच्या काचेतून खोली दाखवत होते. मी श्वास रोखून बसलो. नात म्हणाली, पुतळ्याला घाम आलाय. आजोबा म्हणाले, लिहिणं म्हणजे कष्टच असतात, बाळा.

२.१०
पाय मोकळे करायला उठलो. टेबलासमोर माहितीची पाटी आहे. ‘हे टेबल लेखकास सत्कारात मिळाले. यावर त्यांनी काहीही लिहिले नाही. सर्व कादंबऱ्या त्यांनी स्वयंपाकघरात, मुलांचा अभ्यास घेता घेता लिहिल्या.’

२.१२
पाटी लिहिणाऱ्याची चूक असावी.

२.२०
खिडकीला गज आहेत. मोजले. नऊ.

२.३५
मामांनी दार उघडलं. दचकले, मग विचारलं, काय साहेब, किती पानं झाली? ऑफिसात नेऊन नियमाप्रमाणे माफीनामा लिहून मागितला. बसलो. टेबल, लेक, इस्त्री, सगळं लिहीत गेलो. पान भरलं, मागची बाजूही भरली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, अहो, दोन ओळी पुरल्या असत्या. झेरॉक्स मात्र दिली.

संध्याकाळी ६
पहिलं पान म्हणून झेरॉक्सच दाखवली. बायकोने शेवटपर्यंत वाचली. आधी हसली, मग हसायची थांबली. कागद लेकीकडे दिला. लेकीने वाचून विचारलं, मग पुढे काय केलं त्या माणसाने?
टेबल तिच्या खोलीत नेलं. एक बाजू मी धरली.

९ मार्च
स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. लेकीचे धडेही विचारले. तिला सगळं येतंय.
ही खुर्ची टोचत नाही. उजेड चांगला आहे. पेन्सिलीला टोक आहे.
कागद कोरा.