तुझ्या वाट्याची गोळी

माय, आज मला तुझा लई राग आलाय, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची, तीही शाळेतल्या बाईंनी शिकवलेली. आणि आता तर तू नाहीसच. पण मग भांडू कुणाशी? घरात भांडायला नवरा आहे, गरीब माणूस, ऐकूनही घेतो, पण त्याच्याशी भांडून ह्यातलं काही सुटायचं नाही. हे भांडण तुझं नि माझं आहे, आणि तू नेहमीसारखी आधीच उठून गेलीस.

मी काय काम करते ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता माजलगावात एका दवाखान्यात साखरेच्या आजारावर संशोधन चालतं, तिथं असते. बायांचं रक्त काढायचं, कमरेला टेप लावायचा, वजन घ्यायचं, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या खेपेला रिकामी पाकिटं परत घ्यायची. उपाशी पोटी या म्हणून दहादा बजावलं तरी चहा पिऊन येतात. रागावलं तर म्हणतात, ‘चहाला कोन खानं म्हंतंय मॅडम?’ मग त्या दिवसाची सगळी तपासणी वाया. आमचे डॉक्टर ज्याच्या मागे लागलेत ते असं, की ह्या उसात राबणाऱ्या, हाडकुळ्या बायांनासुद्धा साखर का होते. इन्सुलिन अंगात आहे, भरपूर आहे, पण अंग त्याला दाद देत नाही. मी बायांना सांगते, बाई, ते दारात उभं राहून कडी वाजवतंय आणि आतून कुणी उघडत नाही. त्यावर एकजण म्हणाली, ‘आमच्या घरात बी तेच हाय. मी दिवसभर वरडते, कोन ऐकतंय?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. ह्या कामात हसायचे दिवस थोडेच, म्हणून हे सांगितलं.

तर अशीच एक बाई. धर्मापुरीच्या बाजूच्या एका गावातली, चाळिशीच्या आतबाहेरची, काटकुळी, बोलायला तिखट. दर महिन्याला यायची, रिकामी पाकिटं टेबलावर आपटायची, ‘घ्या, खाल्ल्या समद्या.’ आणि साखर दर महिन्याला चढलेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी तेच. मागच्या खेपेला तिच्या पायाला मी बारीक तार लावून बघितली, टोचतंय का विचारलं. ती दुसरीकडे बघत म्हणाली, ‘लावा की, कावून थांबल्या?’ मी तर केव्हाची टोचत होते.  मग मी तिच्यावर ओरडले. चारचौघींत ओरडले. चोरून गोड खाता, लग्नकार्यात बुंदी चेपता, आणि वर आम्हाला खोटं सांगता, जीव जाईल तुमचा. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तसं बघणं मी आधी एकदा पाहिलं होतं, पण तेव्हा ते कुणाचं ते ध्यानात आलं नाही.

बाकीच्या बाया गेल्यावर ती मागे थांबली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, ‘गोड न्हाई खात मी, मॅडम. सकाळची गोळी मी खाते. रातची पोरगी खाती.’ कोण पोरगी? तिची लेक. एकोणिसाची. चार-चार महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस आलेत. दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी जी गोळी सांगितली ती नेमकी आईचीच निघाली; पाळीच्या ह्या आजारातही अंग इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून तीच गोळी देतात. ‘सोयरीक जमत आलीया. मेडिकलवर गेलं की गावभर होतंय. ह्या तर घरातच होत्या. म्हनलं, हाय ते दोघींत भागवावं.’ आणि मग मान खाली घालून, ‘मला काढून टाकताव का आता?’

माय, मी खुर्चीवरून उठले आणि मागच्या खोलीत जाऊन नळाखाली तोंड धरलं.

आठवतं का तुला, मी अकरावीत होते. आपल्या सिरसाळ्याच्या घरात बाहेर बसायची जागा म्हणजे ओट्याचा तो कोपरा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसणारा. आळीतल्या बायांना कुणाची पोर कधी बसली ते तोंडपाठ असायचं. माझी पाळी दिवाळीत आली ती होळीपर्यंत आलीच नाही. मग तू मला महिन्याच्या महिन्याला खोटंच बाहेर बसवायला लागलीस. वेगळं ताट, वेगळा तांब्या, पांघरायला ती जुनी वाकळ. शिवू नको गं, लांब हो, असं मुद्दाम मोठ्यानं ओरडायचीस, समोरच्या काकूला ऐकू जाईल असं. मला त्या सोंगाची इतकी चीड यायची! एकदा मी म्हणाले, माय, काही झालेलं नाही तर मी इथं का मरू? तू हातातली परात खाली ठेवलीस आणि दात आवळून म्हणालीस, ‘बस म्हनलं तर बस. लोकांच्या तोंडाला काय टाकं घालता येत्यात व्हय?’ सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जायच्या आधी तू मला न्हाणीच्या आडोशाला न्यायचीस आणि हनुवटीवरचे केस दोऱ्यानं ओढून काढायचीस. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. तुझ्याही यायचं, पण तू धुराचं नाव सांगायचीस, आणि तिथं तर चूल नव्हती.

मग तू मला परळीला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. घरात सांगितलं, डोळे तपासायला जातो. बाईंनी तपासलं, मला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि तुझ्याशी बराच वेळ बोलल्या. त्या दिवसापासून रोज जेवणानंतर तू मला एक गोळी द्यायचीस, गुळाच्या खड्यात दाबून. ‘रक्ताची हाय. गिळ.’ तिला सुकटीसारखा वास यायचा. पहिले काही दिवस माझं पोट बिघडलं, मी तुला शिव्या दिल्या. पण पुढं पाळी येऊ लागली. खरीखुरी. तू त्या दिवशी शाळेतून येताना पेढे आणलेस आणि कुणी विचारलं तर म्हणालीस, पोरीला परीक्षेत मार्क पडले. पुढं नर्सिंगला गेल्यावर वॉर्डातल्या एका गोळीचा वास मी ओळखला. म्हटलं, अरे, ही तर साखरेची गोळी, आपल्या मायनं मला दिलेली. मी धरूनच चालले, की डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली आणि तू परळीहून विकत आणत होतीस. तुला साखर होती, तूही तसल्याच एका संशोधनात होतीस, महिन्याला तुला तीच पाकिटं फुकट मिळत होती, हे सगळं मला माहीत होतं. तरी दोन्ही एकमेकांना कधी जोडलं नाही. सिरसाळ्यातलं मेडिकल माझ्या वडिलांच्या, दादांच्या चुलतभावाचं. पोरीसाठी गोळी घेतली असती तर संध्याकाळपर्यंत घरी विचारायला आले असते, वहिनीला तर गोळ्या फुकट मिळतात, मग ही कुणासाठी रे? हे मला त्या दिवशी, नळाखाली, एका परक्या बाईच्या तोंडून कळलं. दिवसभर मी दुसऱ्यांना हेच समजावते, आणि माझ्या घरातलं मला कळलं नाही.

एकदा मी तुझ्यासोबत तुझ्या त्या संशोधनाच्या दवाखान्यात आले होते. डॉक्टर तुला बोलत होते. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता, मी आता जशी थकते तसा. ‘बाई, पाकिटं रिकामी आणता आणि साखर तीच. गोळी पोटात जाते का मोरीत? आमच्या मेहनतीवर पाणी ओतताय तुम्ही.’ सगळी रांग ऐकत होती. तू नुसती त्यांच्याकडे बघत राहिलीस. बाहेर आल्यावर तू मला उसाचा रस पाजलास, स्वतः प्यायली नाहीस, आणि रसवाल्याला म्हणालीस, बर्फ कमी टाक, पोरीचा घसा धरतोय. मीच तुला विचारलं होतं, माय, तू गोड खातेस का गं चोरून? तू म्हणालीस, ‘खाते की. जिभेला काय हाड हाय?’

मग तो निखारा. शाळेच्या पत्र्याच्या खोलीत तू मोठं पातेलं उतरवत होतीस, चुलीतला निखारा उडून चपलेत गेला. तुला कळलंच नाही. पोरांना वाढून झालं, भांडी घासून झाली, तेव्हा मास्तर म्हणाले, काहीतरी जळाल्याचा वास येतोय. तो तुझ्या पायाचा होता. तू हळद लावलीस, चुना लावलास, कपडा बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी. मी हॉस्टेलवरून आले तोवर तीन बोटं काळी पडली होती. आधी बोटं काढली, मग घोटा, मग गुडघ्याखाली. तू मला म्हणालीस, ‘बरं झालं, एकच चप्पल लागती आता.’ मला हसू आलं नाही. आताही येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तू गेलीस.

का नाही बोललीस गं? डॉक्टरांना नको, दादांना नको, मला तरी? गोळी काय सोन्याची होती? डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन अंबाजोगाईला गेली असतीस, तिथं कोण ओळखत होतं आपल्याला? जीव स्वस्त आणि अब्रू महाग, हा हिशेब कुणी शिकवला तुला? लोकांची तोंडं म्हणे. त्या आळीतल्या बाया तुझ्या तेराव्याला जेवून गेल्या, आणि भाजीत मीठ कमी पडलं म्हणून नावं ठेवून गेल्या. त्यांच्यासाठी तू पाय दिलास.

तोंड पुसून मी परत त्या बाईसमोर बसले. तिला सांगितलं, हे मला डॉक्टरांना सांगावंच लागेल, लपवता यायचं नाही, तुमच्या रक्तावरून आम्ही पुढच्या बायांचं औषध ठरवतो. संशोधनातून नाव गेलं तरी तुमच्या गोळ्या बंद होणार नाहीत, त्याचं मी बघते. पण दोन्ही वेळच्या तुम्हीच खायच्या. आणि पोरीला इथं आणायचं, तिची वेगळी तपासणी, वेगळं औषध, कुणाला कळणार नाही. ती मान हलवत होती, पण नुसतीच. डोळ्यांत काही उतरत नव्हतं. म्हणाली, ‘माझं काय, मॅडम. माझं झालं समदं. तिचं व्हायचंय अजून.’

तेव्हा मी तिला तुझं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अर्धंच. म्हटलं, तुमच्या पोरीला आहे तोच आजार मलाही आहे. माझ्या मायनंही तिच्या वाट्याच्या गोळ्या मला चारल्या. तिचा पाय गेला आणि मग तीही गेली. तुमच्या पोरीवर ही वेळ आणायची आहे का?

ती बराच वेळ माझ्या हनुवटीकडे बघत होती. मग हळू आवाजात विचारलं, ‘आन् मॅडम, तुमाला लेकरं झाली का?’

मला कळलं, सगळं ह्या एका उत्तरावर अडलंय. ह्या आजारात कितीतरी बायांना लेकरं होतात, वेळेवर औषध घेतलं तर होतातच बऱ्याच जणींना, हे मी रोज सांगते आणि ते खरं आहे. पण तिला बऱ्याच जणी नको होत्या. तिला समोर बसलेली पाहिजे होती.

मी म्हणाले, ‘झालं की. एक लेक हाय.’

‘केवढी?’

‘शाळेत जाती.’

तिचा चेहरा असा सुटला, माय, की काय सांगू. पुढच्या सोमवारी ती पोरीला घेऊन आली. उंच, गोरी, स्कार्फ नाकापर्यंत ओढलेला. तपासणी झाली, औषध सुरू झालं, आणि आईच्या दोन्ही गोळ्या आता आईच्या पोटात जातात. आजच्या तपासणीत साखर थोडी उतरली आहे. पाय वाचेल का ते सांगता येत नाही. जाताना तिनं पिशवीतून बोरं काढून दिली, म्हणाली, ‘तुमच्या लेकीला न्या.’ मी घेतली.

तुझ्या गोळ्यांनी पाळी आली, लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, सासरी कुणी घालूनपाडून बोललं नाही. एवढं सगळं झालं. संभाजीनगरपर्यंतचे दवाखाने झाले, सुया झाल्या, शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबा, आणि आम्ही थांबलो. दरवर्षी पित्राला तुझं ताट वाढते तेव्हा ठरवते, आज मायला सांगून टाकायचं. मग भज्यांचं, आमटीचं काहीतरी बघत राहते आणि तशीच उठते. त्या बाईशी खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, पण तुझ्याशी खरं बोलायला एवढी वर्षं लागली. हा कागद कुठं पाठवणार आहे मी, कुठंच नाही, म्हणून तर लिहिता येतंय.

मला लेकरू झालं नाही, माय. आता व्हायचं वयही राहिलं नाही. बोरं मीच खाल्ली, दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून.