उजवी बाजू जरा पुसट

ता. १९, रविवार सकाळ

चि. ढब्बू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. दाढी राखलेल्या, मंचावर उभं राहून गाणाऱ्या माणसाला कुणी चिरंजीव म्हटलं की कसं वाटत असेल ते मला कळतंय. पण हातात पेन धरलं आणि शाळेत शिकवलेलंच आधी उतरलं. पेनसुद्धा शोधावं लागलं बरं का. घरातले चार्जर मोजायला बसलं तर दुपार होईल, पेन मात्र एकच निघालं, तेही आईच्या गोळ्यांच्या डब्यात.

इकडे सगळं ठीक. आई मजेत आहे. फरशी पुसणारं ते गोल यंत्र मी घेतलं ना, त्याचं तिने 'कासव' नाव ठेवलंय. आधी त्याला घरात ठेवायला तयार नव्हती. आता सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि त्याला सांगते, "इथलं झालं, आता खिडकीखाली जा." परवा ते पलंगाखाली अडकलं तर वाकून, काठीने ओढून बाहेर काढलं आणि मलाच ओरडली की मुक्या जीवाकडे तुझं लक्ष नसतं.

माझं नवं घड्याळ हातावर थरथरून 'उठा, जरा चाला' म्हणतं. ऑफिसात मीटिंग चालू असताना थरथरलं आणि मी सवयीने उभी राहिले. साहेबांना वाटलं मला काहीतरी विचारायचंय. मग विचारलं काहीतरी. बाकी काम तेच. लोकांनी बनवलेली सॉफ्टवेअरं बाहेर जायच्या आधी तपासायची, बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं आणि महिनाअखेर पगार घ्यायचा. यात मी हुशार आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

वायरींचा खण मात्र आवरला. आई त्याला सापांचं टोपलं म्हणायची. आवरताना तो जुना रेकॉर्डर सापडला, आपण संगीत महोत्सवाला न्यायचो तो. माइकवर वारा लागू नये म्हणून घालायची ती केसाळ टोपीसुद्धा. तू तिला मांजर म्हणायचास. तीन दिवस त्या मैदानात तंबू ठोकून राहायचं, मी गळ्यात रेकॉर्डर, खिशात बॅटऱ्या, हातात मांजर घेऊन हिंडायचे आणि लोक मला रेडिओवाली समजून वाट द्यायचे. तू मागून ऐटीत यायचास, जणू तूच मला कामावर ठेवलंय.

आणि परतीची बस. खिडकी तुझी. लहानपणापासून खिडकी तुझीच, त्यावर बोलायची सोय नव्हती. मी तुझ्या डाव्या हाताला. एक इअरफोन दोघांत, डावा तुझ्या कानात, उजवा माझ्या. तीन दिवसांचं रेकॉर्डिंग ऐकत यायचो आणि घर येईपर्यंत भांडायचो, कुणी बरं वाजवलं आणि कोण नुसतं डोकं हलवत होतं यावरून.

तू लिहितोस की ताई फोन उचलत नाही. मी कळवलं होतं की ऑफिसात काम फार आहे, आणि एकदा कळवलं की बॅटरी संपली होती. तुझ्या मनात आलं असणार. चार पॉवरबँका पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईची बॅटरी कशी संपते? संपत नाही. मी तुझं नाव बघत बसायचे आणि ते आपोआप जाईपर्यंत थांबायचे. मेसेज करायचीही चोरी, कारण तू वाचलास की लगेच फोन करणार. म्हणून हे कागदावर. कागद हातात घेऊन तुला निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल, मध्ये "हॅलो, ताई, आधी माझं ऐक" म्हणता येणार नाही.

तर ऐक.

तुझं महोत्सवात जमलं हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते. छोटा मंच का असेना. ज्या मैदानात आपण चिखलात बसून ऐकलं तिथे माझा भाऊ गाणार. तू लिहिलंस की साउंडच्या बोर्डावर ताई तू बसायचंस, समोर अख्खं मैदान असलं तरी मला फक्त तुझा अंगठा दिसला पाहिजे. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे पंखे वगैरे चालू करायचे का तुला?" तिला बोर्ड म्हणजे तेवढंच माहीत, वाद्यांचे आवाज जुळवायचा असतो तो नाही.

त्याच सुमारास तू सरावाचं रेकॉर्डिंग पाठवलंस. गाणं तुझं, गिटार डावीकडे, आणि तुझा दोस्त चिमटा, त्याचं व्हायोलिन उजवीकडे. मी एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि तुला कळवलं की उजवी बाजू जरा पुसट आहे. तू वाढवून पाठवलंस. मी म्हटलं, आवाज वाढलाय पण जीव नाही. व्हायोलिन चादरीखालून वाजवल्यासारखं येतंय, वरचे सूर लागतच नाहीत. चिमट्याचा हात बसलेला नाही. अगदी याच शब्दांत लिहिलं होतं मी. तुझ्याकडे असेल अजून.

तू लिहिलंस, "मला तर बरं वाटत होतं गं. पण तू म्हणतेस म्हणजे असणारच."

आणि आठवड्याने कळवलंस की चिमट्याशी बोललो, त्याला या वेळी थांबायला सांगितलं, व्हायोलिनशिवायच करू. तो व्हायोलिनची पेटी उचलून गेला. हेही तूच लिहिलंस.

आता पुढचं लिहायला मला जड जातंय, म्हणून भराभर लिहिते.

त्या दिवसांत मला सगळंच उजवीकडून पुसट यायला लागलं होतं. एके दिवशी आंघोळीनंतर उजव्या कानाला दडे बसल्यासारखं झालं. पाणी गेलं असेल म्हटलं आणि विसरले. मग गाणी ऐकताना वाटलं की हेडफोन गेले. वायर बदलली. नवे हेडफोन मागवले. तेही तसेच. परत पाठवले. दुसऱ्या बनावटीचे मागवले, तेही परत. फोनचं सॉफ्टवेअर नवं करून पाहिलं, जुनं करून पाहिलं. कंपनीला मोठं तक्रारपत्र लिहिलं, त्यात आलेख काढून दाखवला. तुला माहीत आहे मी कशी लिहिते ते. त्यांनी बिचाऱ्यांनी माफी मागून आणखी एक जोड पाठवला.

तो जोड परत न्यायला कुरिअरवाला आला तेव्हा तो मला चांगलाच ओळखायला लागला होता. दारातूनच म्हणाला, "ताई, हापण बिघडला?" मी म्हटलं थांबा, एकदा शेवटचं बघते. घाईत हेडफोन उलटे घातले. उजवा डाव्या कानावर, डावा उजव्यावर. तुझंच गाणं लावलं.

व्हायोलिन डाव्या कानात आलं, ढब्बू. अख्खं आलं. वरच्या सुरापाशी चिमटा जरासा थांबतो आणि मग अलगद चढतो, तेसुद्धा आलं. आणि उजव्या कानात तुझी गिटार चादरीखाली.

मी दारात तशीच उभी. कुरिअरवाला म्हणाला, "काय करायचं?" मी म्हटलं, राहू द्या, हा चांगला आहे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून बीप ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. डाव्या कानाला मी पटापट दाबलं. उजव्याला मी वाट बघत बसले आणि काचेपलीकडे त्या लिहीत होत्या, म्हणजे बीप वाजत होते. असं अचानक होतं म्हणाल्या, का होतं ते बऱ्याचदा कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांत औषध मिळालं तर पुष्कळदा परत येतं. मग विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

मी म्हटलं, वायर बदलत होते.

त्या हसल्या नाहीत. औषध दिलं त्यांनी, पण उशीर झाला होता आणि तसं त्या स्पष्ट बोलल्या. जे गेलं ते गेलं. डावा कान उत्तम आहे. फोन डाव्या कानाला लावता येतो, तेव्हा तुझा फोन न उचलण्याचं कारण कान नाही. तुझ्याशी बोलले असते तर तू बोर्डाचं विचारलं असतंस, आणि मला चिमट्याचं सांगावं लागलं असतं.

तुला आठवतं, एका वर्षी मोठ्या मंचासमोर, पार मागे उभे असताना मी म्हटलं होतं की डावीकडच्या थप्पीतला एक स्पीकर बंद आहे? साउंडवाल्याने मला हाकलून दिलं आणि मग स्वतःच जाऊन बघितलं, तर खरंच बंद. तेव्हापासून तू मला डोक्यावर बसवलंस. मित्रांना सांगत सुटलास की ताईचा कान म्हणजे विषय नाही. मी वरवर नको नको म्हणायचे, पण मला ते फार आवडायचं. ऑफिसात मी कोण, तर चुका काढणारी बाई. घरात मी कोण, तर सापांचं टोपलं सांभाळणारी. तुझ्या मैदानात मात्र मी कुणीतरी होते. ते सोडवत नव्हतं रे. कळल्यावरही सोडवेना. म्हणून गेले काही आठवडे तोंड लपवून बसले, आणि तेवढे दिवस चिमटा आपला हात बसलेला नाही असं समजून घरी बसलाय.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनेच ओळखलं. तिचा टीव्ही केवढ्याने असतो ते तुला माहीत आहे, आणि त्यावरून रोज आमची जुंपायची. परवा जाहिराती लागल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हल्ली तू भांडत नाहीस माझ्याशी. बरं नाहीये का तुला?" मी सांगितलं सगळं. चिमट्याचंही. तिने रिमोट उचलला. मग टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "त्या पोराला कळव आधी. रडायचंय ते मग रड."

त्यानंतर तिने कपाटातून एक खोका आणून माझ्यापुढे ठेवला. कानात घालायचं यंत्र. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, मी न उघडता लपवलेलं. तिला कसं सापडलं विचारू नकोस. म्हणाली, "बाकीचे खोके कुरिअरवाला जिना उतरायच्या आत फोडतेस. हाच बरा राहिला." मी उघडला. तुला सांगायला हरकत नाही, वस्तू छान आहे. शेंगदाण्याएवढी, फोनला जोडता येते, बॅटरी दिवसभर टिकते. माझ्या मालकीची नसती तर मी तुला त्यावर अर्धा तास ऐकवलं असतं. घातल्यावर उजवीकडून आवाज येतो, पण टिनच्या डब्यातून आल्यासारखा. भांड्याचा आवाज आणि आईचा आवाज सारखाच लागतो. सवय होईल म्हणतात. गाण्यासाठी त्याचा उपयोग नाही, हे मी तपासून बघितलंय.

तर आता तुला काय करायचं ते सांगते. विनंती नाही, मोठी बहीण म्हणून सांगते.

हे पत्र खाली ठेव आणि चिमट्याकडे जा. फोन नको, स्वतः जा. मी त्याला वेगळं पत्र आजच टाकतेय, पण माझ्या माफीने त्याचं भागणार नाही. थांब म्हणालास तो तू. त्याला सांग की पहिलं रेकॉर्डिंग, मी तोंड घालायच्या आधीचं, तेच बरोबर होतं. तो नाही म्हणाला तर दारात बसून राहा. तू लहानपणी हट्टाला बसायचास तसा. तुला ते चांगलं जमतं.

बोर्डावर मी बसणार नाही. दोन्ही बाजू सारख्या ऐकू येणारा माणूस तिथे लागतो. महोत्सवाचा साउंडवाला असेल त्याला बसू दे, आणि कसं हवंय ते तू सांग. तुला तुझं गाणं बरं वाटत होतं ना? तुला बरं वाटत होतं कारण ते बरं होतं. पुढच्या वेळी मी किंवा आणखी कुणीही काही म्हटलं तरी आधी स्वतःला विचार. हे मी तुला फार आधी शिकवायला हवं होतं, पण मग माझ्याकडे कोण आलं असतं?

मी येणार आहे. आई विचारतेय की तिथे खुर्च्या असतात का, म्हणजे तीही येणार. आम्ही पुढे, मंचाच्या उजव्या अंगाला उभ्या राहू, डावा कान तुमच्याकडे करून. मला मान वाकडी करून उभी बघितलीस तर रुसलेय समजू नकोस. आणि अंगठा हवा असेल तर दाखवीन, पण तो तुझ्यासाठी. आवाजासाठी नाही.

रेकॉर्डर चार्ज करून ठेवलाय. मांजरही धुतलंय.

येताना वायरचा इअरफोन आण, तुझा जुना. परतीच्या बसमध्ये तुमचं ऐकत येऊ. फक्त एक आहे, ढब्बू. या वेळी उजवा तुझा, डावा माझा, आणि ते जमायचं तर तुला माझ्या डाव्या हाताला बसावं लागेल. म्हणजे आता खिडकी मला दे.

तुझी,
खिडकी मागणारी
ताई