नकाशातली पांढरी पट्टी

५ मार्च २००८, जव्हार

पोचले एकदाची! सिन्नरहून निघताना आईने पिशव्या एवढ्या कोंबल्या होत्या, की एसटीतल्या लोकांना मी बिऱ्हाड हलवतेय असंच वाटलं असेल. मोखाड्यापुढच्या वळणांवर शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून मस्त झोप काढली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. मोहाखाली बायका-पोरं फुलं वेचत होती. डेपोत उतरले तर हवा छान गार. मला गाव आवडलं, अगदी पहिल्या चहापासून.

काम सांगायला सोपं आहे. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांचा नकाशा इंटरनेटवर चढवायचा. कुणीही आपल्या घरावर किंवा शेतावर माऊसने टिचकी मारली, की मालकाचं नाव, क्षेत्र, सगळं समोर. एक मेला झेंडावंदनानंतर मोठे साहेब बटण दाबून उद्घाटन करणार. कंपनीने मला तहसील कचेरीमागची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा दिलाय. वीज असेल तोवर मी इथली राणी. नसेल तेव्हा पुठ्ठ्याने वारा घेत बसायचं.

१० मार्च

कचेरीतले कारकून तुळशीदासभाऊ फार गोड माणूस. आज त्यांना त्यांचं घर पडद्यावर दाखवलं. बराच वेळ बघत राहिले, मग हळूच चपला काढून बाजूला ठेवल्या. म्हणाले, वडिलांचं नाव आहे ना त्यावर. मला हसू आलं, पण ते मी गिळलं.

मला डबा करून देणारी कोंडीताई दारातून हे बघत होती. नवरा वीटभट्टीवर असतो, पाच वर्षांची सोनी आजीजवळ मधल्यापाड्याला. तिने विचारलं, "माजा घर कठं हाय यात, बाय?"

शोधलं. मधलापाडा दोन तालुक्यांच्या हद्दीवर. दोन्हीकडच्या गावांचे नकाशे जुने, हाताने काढलेले. शेजारी ठेवले तर कडा जुळतच नाहीत, मध्ये नखाएवढी पांढरी पट्टी राहते. पाडा नेमका त्या पट्टीत. टिचकी मारली तर 'माहिती उपलब्ध नाही'. कोंडीताई पदर तोंडाला लावून हसली. मी म्हटलं, थांब, तुझं घर मी लावते नकाशात.

१६ मार्च

रविवार. कोंडीताईबरोबर तिच्या पाड्यावर जाऊन आले. जीपने पाड्याखालच्या वळणापर्यंत, पुढे थोडं पायी. पाड्याच्या अलीकडे एक वाघदेव आणि पलीकडे, चांगला हाकेच्या अंतरावर, दुसरा. उभे दगड, त्यांवर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले, वर शेंदूर. मध्ये दहा-बारा घरं आणि एक मोठा आंबा. कोंडीताईच्या सासूने, सुकरीबाईने सांगितलं की अलीकडचं गाव आपल्या दगडाशी थांबतं आणि पलीकडचं त्याच्या. मधली जागा वाघदेवाला फिरायला सोडलेली. त्याला विचारून ही घरं बसली, म्हणून कुणी साखळी लावून ती मोजली नाही.

म्हणजे नकाशे चुकलेले नाहीतच! ती पट्टी मुद्दाम सोडलीय. उद्याच वर कळवते.

सोनी मोहाच्या रसाने चिकट झालेला हात घेऊन आली आणि माझं बोट धरून बसली. आईने तिला सांगून टाकलंय, की ही बाय आपलं घर कॉम्प्युटरात घालणार. खाली वळणावर जीप येईपर्यंत पोरीने बोट सोडलं नाही. अशी गोड पकड आहे तिची.

२० मार्च

कंपनीचे साहेब फोनवर भडकले. रिकामी जागा म्हणजे चूक, नकाशात पांढरं काही दिसता कामा नये, वाघदेवाच्या गोष्टी मला सांगू नकोस. मी वाद घातला. ते म्हणाले, तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल.

असं पांढरं बुजवायला कॉम्प्युटरात एक हुकूम असतो. दोन्ही कडा ओढून एकमेकींना चिकटवतो, आई ब्लाउजची शिवण घालते तसा. मी बटण दाबलं. रेष इतकी सुबक आली की, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पाडा नंतर त्यावर ठिपका देऊन दाखवेन. कागदावरची तर रेष आहे.

शिमग्याला भट्टीवरची सगळी माणसं पाड्यावर परत आलीत. कोंडीताई उद्या सकाळी जाणार. मीच तिला एक दिवस ठेवून घेतलं, माझ्या अंगात कणकण होती म्हणून.

२१ मार्च

कोंडीताई संध्याकाळी परत आली. हातात तसाच नारळ, सोनीसाठी घेतलेली साखरेची माळ. म्हणाली, वाटेने गेले, पाडा आलाच नाही. एका दगडापाशी गेले तर दुसरा तिथंच. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली असेल. पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही.

२३ मार्च

स्वतः जाऊन आले.

दोन्ही वाघदेव पाठीला पाठ लावून उभे आहेत. मधलं रान नाही. घरं नाहीत, आंबा नाही. उकरल्याची खूण नाही, गवत जसंच्या तसं. दोन दगडांमध्ये फक्त हात जाईल एवढी फट. कोंडीताईने तिथे कान लावला आणि मला खूण केली. मीही लावला.

आत शिमग्याचा ढोल वाजत होता.

मी हे केलंय. दुसऱ्या कुणी नाही, मी.

१ एप्रिल

रेष मागे घ्यायला गेले तर पासवर्ड चालत नाही. वर पाठवलेलं काम इथून बदलता येत नाही म्हणतात. वर फोन केला. ते म्हणतात, तिथं आता फटच दिसत नाही, तर उघडायचं काय? तक्रार करायची तर गट नंबर द्या. मधल्यापाड्याला गट नंबर कधी नव्हताच.

तुळशीदासभाऊ माझ्याबरोबर दगडांपर्यंत आले. फटीत पाहिलं. तडक जीपमध्ये जाऊन बसले. आज रजेचा अर्ज दिलाय त्यांनी.

९ एप्रिल

कोंडीताई आता तिथेच राहते. तिने फटीत हात घातला, तर आतून एका चिमुकल्या हाताने धरला. सोनीच. माझ्याही बोटाला ती पकड कळली. ओढून पाहिलं, खांदा येत नाही. भाकरीचे तुकडे करून आत देतो. सोनीचा आवाज लांबून येतो, पण कळतो. म्हणते, सगळे उभे आहेत. बसायला जागा नाही.

१८ एप्रिल

फट लहान होतेय. कचेरीतून काही नवं चढवलं की तो हुकूम आपोआप फिरतो आणि कडा पुन्हा आवळतो. मी काम थांबवलं. कंपनीने दुसरा माणूस बसवला. चुणचुणीत पोरगा आहे, भराभर काम करतो. त्याला सगळं सांगितलं. हसला.

ढोल थांबलाय.

२४ एप्रिल

पहार आणली. दगडांमध्ये घालून जोर लावला. दगड हलले नाहीत. आतून किंकाळी आली. सुकरीबाई असावी. पहार टाकून दिली. कोंडीताई फटीत हात घालून सोनीला चुचकारत राहिली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल

कंपनीच्या साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. उद्घाटनाचं बटण म्हणजेच शेवटची साफसफाई, त्यानंतर दोन्ही तालुक्यांत एकही फट राहणार नाही, असं ते कौतुकाने सांगत होते. मी ओरडले. त्यांनी मला घरी जाऊन विश्रांती घे म्हटलं.

आई, मला घरी यावंसं वाटतंय. पण आता कशी येऊ?

३० एप्रिल

फक्त मनगट जातं. कोंडीताई खात नाही. हात बदलून बदलून आम्ही सोनीचा हात धरून ठेवतो. रिकामा राहिला की ती रडते.

१ मे

कोंडीताई ओढ्यावर पाणी आणायला गेलीय. जाताना म्हणाली, "हात सोडू नको, बाय."

उजवा आत आहे. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं

झेंडावंदन झालं असेल. खुर्च्यांवर माणसं बसली असतील, हार झाले असतील —

काढायचा तर अजून हात निघेल. निघेल, नक्की. पण तिने बोट धरलंय. तसंच, जीपच्या दिवसासारखं. हात अजून चिकट आहे तिचा.

दगड गरम लागतोय. मनगटाला —

कोंडीताईला हाक मारली. ओढा लांब

सोनी विचारतेय, बाय, आमचं घर आलं का कॉम्प्युटरात

मी म्हटलं, आलं गं. आलं. घट्ट धर, सोडू न—