कार्ड मी काढून नेलंय

धाकटे सरकार,

तुझा कॉम्प्युटर उघडलेला दिसला तर घाबरू नकोस, चोर घरातलाच आहे. ग्राफिक्स कार्ड मी काढून नेलंय.

सकाळी दुकानदार भेटला. म्हणाला, "काय ताई, कार्ड कसं चाललंय? तीन आठवडे झाले ना भाऊ घेऊन गेला त्याला?" एका पत्त्यावर एकच कार्ड, म्हणून रांगेत ताटकळून, पैसे भरून नाव मी लावलं. स्टुडिओत माझा फोन बंद असतो, म्हणून दुकानात तुझा नंबर दिला. तिथेच चुकले. रोज विचारलं, आणि रोज तू साळसूदपणे म्हणालास, "ताई, अजून नंबर लागला नाही." माझं कार्टूनचं काम हातचं गेलं, आणि तू भिंतीपलीकडे बसून गेममध्ये गोळ्या झाडत होतास!

माझं जुनं कार्ड तुझ्याकडे बसवलंय. आजच्या मॅचमध्ये समोरचा दिसेपर्यंत तू मेलेला असशील.

आईकडे रडगाणं गाऊ नकोस, तिला सगळं सांगून झालंय. आणि हो, दुकानात नवी यादी सुरू झालीय. तुझं नाव लावून आलेय, फोन मात्र माझा दिलाय. रोज विचारत जा. मी काय सांगणार, ते तुला पाठच आहे.

ताई