दाजींच्या गाडीची ढब

कोल्हापूर,
सोमवार, ४ डिसेंबर १९७८

तीर्थरूप सौ. अक्काच्या पायाशी धाकट्या सयाजीचा दंडवत. (तुझे गुडघे कसे आहेत हे न विचारता पायांचा उल्लेख करणं बरं नव्हे. तेल लावतेस ना?) इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे माणसं. आई ठणठणीत आहे. गुरुवारी तुझ्याकडे गडहिंग्लजला यायचं म्हणून तिने आजच गाठोडं बांधून उंबऱ्यापाशी ठेवलंय आणि येता-जाता आम्ही सगळे त्याला अडखळतो आहोत. तुझे यजमानही खुशाल आहेत. त्यांच्या गाडीविषयी मात्र चार शब्द लिहावे लागतील, ते बसून वाच.

गुळाच्या सौद्यासाठी दाजी आठवडाभर आमच्याकडे उतरलेत आणि परतताना आईला गाडीतून आणायचं हे तूच ठरवलंस (एस.टी.त तिला मळमळतं म्हणून). शनिवारी संध्याकाळी दाजी गाडी धुऊन, दारात उभी करून, लांबून न्याहाळत होते. तेव्हा कुणीतरी म्हणालं, की अँबॅसिडरचं अंग कसं भरदार आहे, पण चाकं मडगार्डच्या पार आत. पैलवानाने प्रार्थनेला पाय जुळवून उभं राहावं तशी दिसते. दाजींना ते लागलं. कोल्हापुरात माणसाच्या अकलेला नावं ठेव, तो ऐकून घेईल. त्याच्या उभं राहण्याला नाव ठेवलंस की संपलं. जेवताना दाजींचं लक्ष ताटात नव्हतं, दाराबाहेर होतं.

रविवारी सकाळीच आम्ही उद्यमनगरात नबीलाल मिस्त्रीकडे हजर. (मी कशाला गेलो म्हणशील. दाजींवर लक्ष ठेव, असं तूच लिहिलं होतंस.) उपाय अगदी सोपा निघाला. चाक आणि ब्रेकचा ड्रम यांच्या मध्ये लोखंडाची जाड चकती घालायची, की चाक तेवढं बाहेर येतं. तिला स्पेसर म्हणतात. शेजारच्या लेथवर इंच-इंच जाडीच्या चार चकत्या कातून घेतल्या. नबीलाल भला माणूस, त्याने आधीच बजावलं, "दाजी, चकती इंचाची आन् बोल्ट हाय तेवढाच. नट दोन-तीन आट्यांवर बसनार. लांब बोल्ट येऊस्तवर थांबा की!" दाजी म्हणाले, "आरं, नुसतं बघू तर दे कशी दिसती! काय मास्तर?" आता मी पडलो संस्कृतचा माणूस, बोल्टवरच्या आट्यांतलं मला काय कळणार? ज्याचं पद स्थिर त्याचं सर्व स्थिर, अशा अर्थाचं काहीतरी मी बोललो. त्याचा अर्थ होकार असा लावण्यात आला.

गाडी दिसली मात्र झकास, खोटं कशाला बोलू? लगेच रंकाळ्याला फेरी झाली. काच खाली, दाजींचं कोपर बाहेर. वळण आलं की टायर मडगार्डला घासून असा काही आवाज करी, की फिरायला आलेली मंडळी आपणहून बाजूला होत. (दाजींच्या मते आदराने.) सरळ रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंगला कंप सुटला. मी थांबायला लावलं, उतरलो आणि सहज म्हणून पुढच्या चाकाचा एक नट दोन बोटांत धरून फिरवला.

अक्का, तो फिरला.

दाजींनी पाना काढला, नट आवळला, हात झटकले. म्हणाले, "मास्तर, वहानंचा आंगठा तुटतोय म्हनून मानूस चालायचा ऱ्हातो व्हय?"

तेव्हापासून मला सगळीकडे ते तीन आटे दिसताहेत. आज नववीच्या वर्गात 'चक्र' शब्द चालवताना द्वितीयेवरच थांबलो आणि बाकीचा मुलांना लिहायला लावला. निपाणीचा रस्ता, उसाच्या गाड्यांची रांग, आणि मागच्या सीटवर, नेमक्या चाकावर, आपली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली! दाजींना सांगितलं तर मास्तर भित्रा. आईला सांगितलं तर जावयाची शोभा. म्हणून तुला विनवतो: पत्र मिळताच तार कर, की आईला तूर्त आणू नका, स्वतःही एस.टी.ने या. कारण तुझ्या बुद्धीने शोध. फक्त त्यात चाक हा शब्द नको.

तुझा,
सयाजी

ता. क. मंगळवार. कालचं टपाल गेलं, पत्र माझ्याच खिशात राहिलं. आता तार नको. आज सकाळी आईला अंबाबाईला जायचं होतं. दाजींनी गाडी काढली, मीही बसलो. बिंदू चौकापाशी तिने गाडी थांबवली. "पावणं, ही का कापतीया? हिला हिंव आलंय व्हय?" खाली उतरली, बाहेर आलेलं चाक पाहिलं, आणि देवीला हात जोडून (लांबूनच) गाडी अगदी सावकाश नबीलालकडे न्यायला लावली. चारी चकत्या निघेपर्यंत ती तिथल्या स्टुलावरून हलली नाही. चाकं मूळ जागी बसली, नट पुरे आवळले गेले. मग दाजींचा समाचार. "नातवंडं झाली तुमास्नी, आन् गाडीला मुरका शिकिवताय?" सगळं उद्यमनगर ऐकत होतं. दाजी खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माजं, आई." वर एक अक्षर बोलले नाहीत.

पुन्हा ता. क. ते न बोललेलं अक्षर म्हणजे माझं नाव. शनिवारचं ते 'कुणीतरी' मीच. उपमा सुचली, आवरली नाही. आणि समाचार चालू असताना मी नबीलालच्या भिंतीवरलं कॅलेंडर फार बारकाईने वाचत होतो. परतताना दाजींना म्हटलं, आईला खरं सांगून टाकतो. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी मास्तर मानूस. जावयाला बोलनी खायची सवय अस्ती." गुरुवारी ते येतील तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी गोडाधोडाचं कर, आणि का केलंस ते सांगू नकोस.

शेवटचा ता. क. मुख्य काम राहिलंच. हे पत्र उद्या पोचेल आणि आई परवा. मधल्या वेळात वाचून हे चुलीत घाल. ती हल्ली चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचते. आणि माझं हस्ताक्षर, दुर्दैवाने, फार सुवाच्य आहे.