खोकं लकडगंजात, घागर सक्करदऱ्यात

माय, आजही पोरगी लकडगंजलेच गेली. शाळा सुटल्यावर तिचा ऑटो इकडं सक्करदऱ्याकडं वळाले पाहिजे, तो वळला तिकडं. मी कैऱ्या उकडून पन्हं केलं, गाळून माठाशेजारी ठेवलं अन् दारात बसली, तर आला विहिणीचा फोन. "विहीणबाई, काळजी करू नका हं, नात तुमची माझ्याकडं आहे. आम्ही गाड्यांची रेस लावून राहिलो. पण कंट्रोलर एकच आहे हो, आळीपाळीनं खेळावं लागून राहिलं. दुसरा तुमच्याकडं तर नाही न राहिला?" मी म्हटलं, दिसला तर सांगते. मागून पोरगी ओरडली, "नानी, तुझी पाळी! बघ, पडली न खड्ड्यात!" अन् दोघी अशा खिदळल्या का मी फोन कानापासून दूर धरला. मग सगळं पन्हं एकटीनंच पिऊन टाकलं. आता आंबट ढेकर येऊन राहिले, अन् त्याचाही बोल मी विहिणीलेच लावून राहिली.

तुले हे सगळं परकं वाटन. तू गेली तेव्हा माझा पोरगा पोटातही नव्हता. आता त्याची पोरगी चौथीत आहे, म्हणजे मी जिथं शाळा सोडली तिथं ती पोचली. पोरगा, सून, नात, सगळे माझ्याच घरात राहतात. सून कामावर जाते, तिची माय लकडगंजात राहते, लाकडाच्या वखारीच्या मागं मोठं घर आहे, अन् त्या घरात भिंतभर टीव्ही आहे. थंडीत पोरीचा वाढदिवस झाला तेव्हा त्या नानीनं तिले एक गेम आणून दिला. तेव्हापासून माझ्या घराचा तोल गेला.

गेम म्हणजे काय ते ऐक. पाटीएवढी एक चपटी वस्तू आहे, काचेची. दोन बाजूले दोन मुठी, एक लाल, एक निळी. पोरगी त्याले कंट्रोलर म्हणते, मी मुठीच म्हणते. पाटी हातात धरली का तिच्यातच गाड्या पळतात, माकडं उड्या मारतात. ऑटोत खेळा, गच्चीवर खेळा, तलावाच्या पाळीवर बसून खेळा. अन् घरी आलं का टीव्हीजवळ एक खोकं ठेवलेलं असते, त्याच्या फटीत पाटी उभी सरकवायची. जिथं खेळ थांबवला होता तिथूनच तो मोठ्या टीव्हीवर सुरू. मुठी निघून हातात येतात. एक तू धर, एक मी धरते. आमच्या गल्लीतली लेकरं तर त्याच्यासाठी वेडी झाली. समोरची डॉक्टरीण, कधी दारातून आत न पाहणारी, ती विचारत आली, हे कुठं भेटते हो. अन् आमचे हे! जेवताना वरण वाढ, एवढं बोलणारा माणूस. लकडगंजले जेवायले गेलो तर विहिणीनं मूठ हातात दिली, अन् हे सोफ्यावरून उठून हवेत हात फिरवून राहिले. गोळा फेकून बाटल्या पाडायचा खेळ होता. विहीण म्हणाली, "भाऊ, तुमचा हात तर मोठा सफाईचा आहे!" अन् हे लाजले. मी पाहिलं माय, कानापर्यंत लाजले. लग्न झाल्यापासून माझ्यासंग एक डाव अष्टचंगाचा खेळले नाही. ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, घरी चला, तुमच्या हाताची सफाई मोरीत पाहते.

मी लय विचार केला का लोकांले यात एवढं काय गोड लागते. चित्रांचं म्हणशील तर चित्रं मोबाइलमध्येही आहेत. पण मोबाइल घेतला का माणूस मान खाली घालते अन् एकटं होते. याच्यात तसं नाही. याच्यात एक मूठ उरते. ती उरली का कोणाले तरी द्यावीच लागते, अन् ज्याले दिली तो माणूस आपला होते. म्हणून भावाभावांत भांडणं होत नाहीत, म्हाताऱ्यांले लाज वाटत नाही. हे मले समजलं, अन् समजल्यापासून जास्त जळते. कारण नानीचा नियम आहे: पाटी कुठंही ने, खोकं माझ्या टीव्हीलेच राहील. आमच्या घरी पोरगी पाटी घेऊन येते, पलंगावर पालथी पडून घटकाभर खेळते, मग म्हणते, "आजी, इथं लहान दिसते, उद्या नानीकडं मोठ्यावर पाहीन." जिथं खोकं तिथं घर झालं. माझ्याकडं ती फक्त फिरायले येते, राहते मात्र माझ्याच घरात. परवा तिनं सांगून टाकलं का शाळा संपली का सुट्टीभर नानीकडंच. मी विचारलं, अन् मी? ती म्हणे, "तुझ्याकडं येईन न अखजीले. आमरस खायले." पाहुणी येते तशी.

मी काही केलं नाही असं नाही. वाढदिवसाच्या दिवशी गेम नवा होता, तर विहीण म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही मोठ्या, तुमच्या हातानं होऊ द्या पूजा." नवीन वस्तू घरात आली का आपण हळदकुंकू लावतोच, त्यात काय. मी ओल्या बोटानं पाटीले लावलं, खोक्याले लावलं, वरून अक्षता टाकल्या. जरा जास्तच टाकल्या असतील, मान दिला तर मलेही चढते. तांदळाचा एक दाणा खोक्याच्या फटीत गेला. पोरीनं पाटी सरकवली, ती बसेचना. सगळे वाकून पाहू लागले. केक तसाच राहिला. अन् पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, तू मुद्दाम केलं न?" माय, मी मुद्दाम नव्हतं केलं. देवाची शपथ नव्हतं. पण माझा चेहरा तेव्हा कसा असन ते मले माहीत आहे, कारण तो तुझा चेहरा आहे, निर्दोष असताना जास्त चोरासारखा दिसते. विहिणीनं पोरीले दटावलं, "असं बोलतात का आजीले? देवाचा तांदूळ आहे, निघन." खोकं उलटं करून तिनं दोन थापा मारल्या, दाणा पडला, तिनं उचलून कपाळाले लावला. एवढी चांगली बाई. भांडाले जागाच ठेवत नाही. वाईट असती तर मी कधीच सुखी झाली असती.

आता तुझ्यावर येते. पन्हं पीत होती तेव्हा तूच आठवली, विहीण नंतर. कुही गावाच्या बाजूले तू मिरचीच्या सातऱ्यावर जायची. बाया दिवसभर लाल मिरचीचे ढीग पुढ्यात घेऊन देठ खुडायच्या, अन् संध्याकाळी तुझे हात असे तापलेले राहायचे का तू आम्हाले गालाले हात लावत नव्हती. ताकात बोटं बुडवून चुलीजवळ बसायची, अन् मी काही बोलली तर म्हणायची, "थकली वं, सरक." मी सरकायची. एक दिवस धाकट्या भावाले ताप आला म्हणून मी पळत सातऱ्यावर गेली. खोकला येत होता, डोळ्यांतून पाणी, अन् समोर पाहते तर दुपारच्या सुट्टीत बाया गोल करून बसल्या आहेत अन् मधात तू. तू गोटे खेळून राहिली. पाच गोटे, नदीतले, गुळगुळीत. एक वर फेकते, खालचे उचलते, वरचा झेलते, अन् हसते. दात दिसून राहिले तुझे. मुकादमाची पोरगी तुझ्या मांडीले रेलून तुले डाव सांगून राहिली. मी तुले तशी हसताना कधी पाहिलंच नव्हतं. मी उभीच राहिली. ताप विसरली. तू मले पाहिलं, झटकन गोटे गोळा केले, पदराच्या गाठीत बांधले अन् म्हटलं, "इथं काहून आली वं? तिकडं लेकराले कोण पाहून राहिलं? पय घरी!"

घरी तू गाठ सोडली नाहीस. रोज पाहायची मी. पदर खोचून भाकरी थापून राहिली, गाठ तिथंच, टपोरी. मी एकदा मागितले तर पुढच्या बाजारातून तू मले रबरी चेंडू आणून दिला. चांगला होता, लाल. पण मले चेंडू नव्हता पाहिजे. मले तू समोर बसायले पाहिजे होती. तुझा खेळ तुझ्यासंग बाहेर जात होता, संध्याकाळी तुझ्यासंग घरी येत होता, अन् घरात आला का गाठीतच झोपून जात होता. हे गेमवाले लोक हुशार निघाले माय, त्यांनी घरासाठी खोकं बनवलं. तुझ्याजवळ का नव्हतं?

अन् दुसरं. माझं लग्न झालं, वर्षानं तू एकदाच इथं आली. एप्रिलचं ऊन, एसटीतून उतरून पायी चालत आलेली, ओठ सुकलेले. मी नव्या माठातलं पाणी गडव्यात घेऊन आली. तू हात पाठीमागं घेतले. "लेकीच्या घरचं पाणी चालत नाही वं. लेकरू होऊ दे, मंग पाहाय, तुझी घागरच रिकामी करीन." अन् उठून शेजारणीकडं गेली. भिंत एकच होती, मले सगळं ऐकू येत होतं. तू घटाघटा पाणी प्याली, मग दुसरा गडवा मागितला, मग तिच्याशी हसत बसली. मी इकडं भरला गडवा हातात धरून उभी. रीत आहे, माहीत आहे. पण शेजारीण त्या दिवसापासून मले आवडली नाही. त्याच पावसाळ्यात तू गेली. मंग माझं लेकरू झालं. घागर तशीच राहिली.

आता अखजी पुढच्या आठवड्यात आहे, कॅलेंडरवर अक्षय तृतीया लिहितात ती, गेलेल्या माणसांची घागर भरायची. दरसाल तुझी घागर गावात भावाच्या घरी भरली जाते, पोरगा आहे, त्याचा हक्क आहे. मी इथं सासू-सासऱ्यांची भरते. तू दरसाल तिकडं येते अन् पाणी पिऊन जाते, अन् मी तुझ्यासाठी काय करते, तर फोन करून विचारते, "नैवेद्य दाखवला का?" काल मी कुंभाराकडून एक घागर जास्त आणली. ह्यांनी पाहिली. म्हणे, "ही कोणाची?" मी म्हटलं, माझ्या मायची. म्हणे, "काहीतरीच काय? लेकीच्या घरी माय येते का पाणी प्यायले?" मी म्हटलं, विहिणीच्या घरी तुम्ही बाटल्या पाडायले जाता न, ते कोणत्या रीतीत आहे? भावालेही फोन केला. तो हसला, "दोन्हीकडं भर न, माय कुठं प्यायची तिथं पीन." त्याले हसाले काय जाते. तुझे गोटेही त्याच्याच घरी राहिले, त्याच्या पोरींनी खेळून हरवले.

पोरगी आता घरी आली आहे. मी इथं ओट्याजवळ बसून लिहून राहिली, अन् ती आत गाद्या उलट्यापालट्या करून राहिली. "आजी, लाल कंट्रोलर खरंच नाही दिसला का? एकानं मजा येत नाही ग!" मी म्हटलं, पाहते न, थांब. माय, तो माझ्याजवळ आहे. काल तिच्या उशीखाली पडला होता, मी उचलला अन् पदरात बांधला. दिवसभर कमरेजवळ टोचून राहिला. या वेळी मुद्दाम केलं. अन् अजून एक सांगते, सकाळी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी तो हातात धरून हवेत फिरवूनही पाहिला. काही होत नाही नुसत्यानं, पाटी लागते, दुसरी मूठ लागते, समोर माणूस लागते. तरी हात हलका वाटला.

ही चिठ्ठी मी कुठं टाकणार? घागरीखाली ठेवीन तर ओली होऊन फाटन. डब्यात ठेवून देते, वाचायचं असन तर वरूनच वाच. पण उत्तर मले पाहिजे. अखजीच्या दिवशी पळसाच्या पत्रावळीवर शेवया, आमरस वाढून, घागरीवर आंबा ठेवून मी वाट पाहीन. पोरगी त्या दिवशी इथंच जेवणार आहे. तू घरी गाठ काहून सोडत नव्हती ते सांग, अन् नसन सांगायचं तर नुसती येऊन पाणी पी. पाणी एक बोट जरी कमी झालं तरी मी समजून जाईन, अन् पानावरून उठायच्या आधी पदराची गाठ सोडून ही मूठ पोरीच्या हातात देईन, म्हणीन, चल, दुसरी मले दे. घागर काठोकाठ राहिली तर मग माझं काही सांगता येत नाही. अखजीले दुपारपर्यंत येजो. त्याच्यापुढं मी थांबणार नाही.